कात्री परत येईपर्यंत

२४ ऑगस्ट, सकाळी

ज्यांची हत्यारं शेजाऱ्यांनी ‘जरा दोन मिनिटं’ म्हणून नेली आणि अजून आणून दिली नाहीत, अशा माझ्या तमाम पीडित बंधुभगिनींनो,

या रोजनिशीला माझ्याखेरीज वाचक नाही, हे मला माहीत आहे. पण जन्मभर कॉलेजात वक्तृत्व शिकवलं. समोर श्रोते बसलेत असं धरल्याशिवाय मला विचारच करता येत नाही. तेव्हा बसा.

गुन्हा असा. या महिन्याच्या सुरुवातीला शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर कुंपणापाशी आले आणि माझी छाटणीची कात्री घेऊन गेले. लाल मुठीची, स्प्रिंगवाली. एक छोटं काम आहे म्हणाले. मी उदारपणे दिली. उदार माणसाचं पुढे काय होतं ते इतिहासात मी भरपूर वाचलं आहे, तरी दिली.

कात्री अजून तिकडेच.

हा प्रश्न कात्रीचा नाही. सासऱ्यांच्या गुलाबाचा आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने कलम केलेला. ते गेले, घर विकलं गेलं, तेव्हा सौ. ने तेवढं एक झाड मांडीवर घेऊन आणलं. बागकामावरची एवढी पुस्तकं मी वाचलेली, म्हणून झाड माझ्या ताब्यात दिलं. मूळ महत्त्वाचं, असं प्रत्येक पुस्तकात असतं. म्हणून मी रोज सकाळी ते कुंडीतून उपसून मुळं तपासत होतो. का कोण जाणे, त्याची पानं गळाली. मग सौ. ने एक दिवस कुंडी मागे टाकीच्या आड नेली. म्हणाली, नवी पालवी फुटेपर्यंत तिकडे बघायचंही नाही. मी शब्द दिला.

आणखी एक शब्द दिला: यंदा या गुलाबाला फूल येईल. ती म्हणाली, बघू.

आता कात्री नाही म्हणजे छाटणी नाही. छाटणी नाही म्हणजे फूल नाही. पोस्टमास्तर माझ्या सासऱ्यांच्या आठवणीवर उठला आहे. याचा हिशेब होईल.

२७ ऑगस्ट

कुंपणावरून विचारलं. सभ्य शब्दांत. म्हटलं, काय, झालं का ते छोटं काम? म्हणाले, नाही हो सर, रोज कात्री हातात घेतो आणि ठेवून देतो. हात धजत नाही.

हात धजत नाही! केवढा मुरलेला माणूस. टपालखात्यात अशीच उत्तरं देत असणार. तुमचं पत्र आलंय, पण द्यायला हात धजत नाही.

२८ ऑगस्ट

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कहाणी ऐकून घेतली आणि तशीच लाल मुठीची कात्री काउंटरवर ठेवली. मी ती परत सरकवली. म्हटलं, नवी घेतली तर जुनी गेली हे मान्य केल्यासारखं होईल. कात्री तीच आली पाहिजे. बाकी सगळं दाखवा.

बागेचा पाया हत्यारं. हत्यारं स्वतःची असली की कुणाच्या दारात जावं लागत नाही आणि कुणी आलं तर नाही म्हणता येतं. घेतलेली: खुरपं, फावडं, कुदळ, दाताळं, लांब नळीची झारी, हिरवा पाइप, घमेलं, कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि कुंपण कातरायची दोन हातांनी धरायची मोठी कात्री. दुकानदाराने विचारलं, शेत किती आहे? सांगितलं, पाच कुंड्या आणि भिंतीलगत एक पट्टा. त्याने माझ्या घमेल्याकडे पाहिलं. मग आणखी एक घमेलं दाखवलं. तेही घेतलं.

३१ ऑगस्ट

मागच्या व्हरांड्यात भिंतीवर मोठी फळी ठोकली. प्रत्येक हत्यार फळीवर धरून त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली, वर खिळा मारला. ही माझी सिस्टिम. काय कुठलं, कोण कुठे गेलं, एका नजरेत कळतं. छाटणीच्या कात्रीचाही आकार आठवणीने काढला. ती जागा रिकामी आहे आणि रिकामीच राहील. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या रिकाम्या आकारासमोर उभा राहतो. राग ताजा राहतो.

सौ. म्हणाली, एवढ्या वेळात पट्टा खणून झाला असता.

तिला स्ट्रॅटेजी कळत नाही.

६ सप्टेंबर

पट्ट्यात टोमॅटो आणि झेंडू लावायचं नक्की केलं. संकल्प: रोज सकाळी एक तास. खुरपं खाली काढलं, पण ते इतकं चकाचक की मातीत घालायचा जीव होईना. युद्धात वापरायची वस्तू आधी कवायतीत झिजवू नये. स्वयंपाकघरातल्या डावाने खणलं. डाव वाकला. सौ. ने दुपारी विचारलं, वरणाचा डाव कुठाय? मी कॉलेजातल्या आठवणी सांगायला सुरुवात केली.

११ सप्टेंबर, सकाळी सात

चिथावणी.

पोस्टमास्तरने कुंपणाला खेटून गुलाब लावला आहे. कधी लावला कोण जाणे. नुसत्या काड्या होत्या तेव्हा नजरेत आला नाही, आज पानं दिसली. ऐन माझ्या खिडकीसमोर. माझी कात्री दाबून ठेवायची, माझा गुलाब आजारी पाडायचा आणि स्वतःचा माझ्या नाकासमोर वाढवायचा. इतकं सूक्ष्म क्रौर्य मी फक्त राजघराण्यांच्या इतिहासात वाचलं होतं.

प्लॅन: या गुलाबाचा नायनाट. घाई नाही. आधी मानसिक खच्चीकरण.

१३ सप्टेंबर

घरातूनच मदत मिळते आहे. सौ. रोज सकाळी तिकडे जाते, गुलाबापाशी वाकून बघते आणि परत येऊन माहिती देते. आज म्हणाली, तीन नवे फुटवे आलेत. तिचे डोळे चमकत होते. हेरगिरीत असा आनंद लपवता आला पाहिजे, पण ती नवीन आहे. मी फक्त मान हलवली.

१८ सप्टेंबर

पहिला हल्ला. दाताळ्याने अंगणातला सगळा पालापाचोळा ओढला आणि सौ. चा भाजीच्या सालींचा डबा घेऊन ते सगळं कुंपणापलीकडे, बरोबर त्या गुलाबाच्या बुडाशी ओतलं. दोन्ही घमेली कामाला आली. दुकानदार दूरदर्शी निघाला.

पोस्टमास्तरच्या दारात आता कुजेल, माशा होतील, वास सुटेल. तेव्हा त्याला कात्रीची आठवण होईल.

२१ सप्टेंबर

पोस्टमास्तर कुंपणाशी आले. वाटलं, आता भांडण. मुद्दे तयार होते. ते म्हणाले, सर, तुमचे उपकार कसे फेडू? मला वाकवत नाही, पाला गोळा करायला माणूस मिळत नव्हता, आणि तुम्ही न सांगता आणून घातलात. जमीन अशी झाकलेली राहिली की ओल टिकते.

ही उपहासाची सर्वांत वरची पायरी. मी तोंडावर हसलो. आतून पेटलो.

२९ सप्टेंबर

ज्याला पाणी पाजायचं त्याला खरोखरच पाजावं. हिरवा पाइप कुंपणाखालून पलीकडे सरकवला आणि दर दिवसाआड थोडा वेळ नळ सोडून देतो. दारात चिखल, चपला रुतणार, घसरण होणार. आज सौ. ने नळ चालू असताना पाहिलं. वाटलं ओरडेल. उलट म्हणाली, असंच सोडत जा, बरं वाटलं तुम्हाला सुचलं ते. आणि आल्याचा चहा केला.

लग्नाला इतकी वर्षं झाली. सुडाच्या बाबतीत आमचं इतकं एकमत होईल, असं वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर

तो गुलाब आता कुंपणाच्या वर गेला आहे. पानं दाट, काड्या लांबच लांब, फूल मात्र एकही नाही. दुष्टांच्या दारी फूल येत नाही.

माझे टोमॅटो गेले. झेंडूही. कारण उघड आहे. पाइप शत्रूच्या आघाडीवर गुंतला होता आणि झारी फळीवरून काढली की तिचा आकार रिकामा दिसतो, आणखी एक रिकामी जागा मला बघवत नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. बाबा, आजोबांचा गुलाब कसा आहे? म्हटलं, फर्स्ट क्लास. ती म्हणाली, हो, आईने फोटो पाठवला, केवढा वाढलाय! म्हणजे टाकीच्या आड सगळं ठीक चाललं आहे. न बघण्याचा शब्द पाळला त्याचं हे फळ. काही कामं माणूस फक्त लक्ष न देऊन उत्तम करतो.

१० ऑक्टोबर

रहिवाशांच्या क्लबात ठराव मांडला: यापुढे कुणीही कुणालाही हत्यार वा कुठलीही वस्तू उसनी देऊ नये. बोललो. पेटून बोललो. सभ्यता कशी एका कात्रीपासून ढासळायला लागते, इथपासून सुरुवात केली. मागच्या रांगेतल्या दोघींनी विणकाम थांबवलं.

अनुमोदनासाठी हात वर करा म्हटल्यावर कुणी केला नाही. अध्यक्ष म्हणाले, सर, ठराव पास झाला तर आत्ता सगळ्यांना उठून उभं राहावं लागेल, खुर्च्या पोस्टमास्तरांकडून आणल्यात. लोक हसले.

मी ज्या माइकवर बोललो तोही त्यांचाच निघाला.

आता बस झालं. शब्दांचा काळ संपला.

१२ ऑक्टोबर, दुपारी

झालं.

सकाळी कुंपणाच्या कडेने जात होतो, त्या गुलाबाची एक काडी अलीकडे आलेली होती. काट्यात बाही अडकली आणि शर्ट खांद्यापासून फाटला. माझ्या हद्दीत, माझ्यावर हल्ला. पोस्टमास्तर डोळे तपासायला गेलेले. सौ. बाजारात. मी हातमोजे घातले, मोठी कात्री खिळ्यावरून काढली आणि फाटक उघडून पलीकडे गेलो.

एकेक काडी कापताना एकेक गुन्हा उच्चारला. ही ‘दोन मिनिटां’ची. ही ‘हात धजत नाही’ची. ही खुर्च्यांची. ही माइकची. गुन्हे संपले तरी काड्या उरल्या होत्या, तेव्हा कॉलेजातल्या जुन्या प्रिन्सिपॉलच्या नावाने कापल्या. शेवटी गुडघ्याएवढे चार खुंट राहिले. बाकी ढीग.

कात्री पुसून जागेवर लावली. रेघेत बरोबर बसली. 

तोच दिवस, दिवेलागणीला

सौ. भाजीची पिशवी घेऊन थेट कुंपणापाशी गेली. बराच वेळ आत आली नाही. आली ती दारातच उभी राहिली. विचारलं, कुणी कापला?

मी सांगितलं. सविस्तर. गुन्ह्यांसकट.

ती खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवरच. म्हणाली, तो माझ्या बाबांचा गुलाब होता.

मी टाकीच्या आड जाऊन पाहिलं. कुंडी तिथेच आहे. आत माती आहे. मातीवर एक गोगलगाय.

१३ ऑक्टोबर

बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही.

निःपक्षपातीपणे पाहिलं तर चूक माहितीच्या देवाणघेवाणीतली आहे. झाड तुमच्या हातून मरतंय म्हणून पोस्टमास्तरांच्या जमिनीत लावते, असं एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर मी नक्की जाऊन मुळं तपासली असती, असं ती लेकीला फोनवर म्हणाली. हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. तिला बोलायचं नाही, पण ऐकू यावं असं ती बोलते.

१४ ऑक्टोबर

पोस्टमास्तर भांडायला आले नाहीत. खुर्ची आणून त्या खुंटांसमोर बसले आहेत. आजारी माणसाजवळ बसावं तसे. हा न भांडण्याचा प्रकार फार हिंस्र आहे. 

१६ ऑक्टोबर

सौ. ने लेकीला सांगितलं, राहू दे, बाबांचं होतं, बाबांबरोबर गेलं. आवाज साधा होता. भाजी महाग झाली सांगावं तसा.

हे वाक्य मी दिवसभर खोडून काढतो आहे. जमलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, पहाटे फटफटताना

सूड अपुरा ठेवायचा नाही. आता सूड त्या झाडावर. ते मेलं तर मी जन्मभर खुनी ठरणार, आणि पोस्टमास्तर जन्मभर सज्जन. हे मी होऊ देणार नाही. झाडाला जगावंच लागेल.

झारी घेऊन पलीकडे गेलो. पाला बाजूला केला. माती वर घट्ट बसली होती. खुरपं आणलं. थोडा वेळ हातात धरून उभा राहिलो, मग मातीत घातलं. चकाकी गेली. मुळं उपसून पाहावीत असं फार मनात आलं. हात मागे बांधले.

२४ ऑक्टोबर

रोज जातो. पहारा म्हणून. पोस्टमास्तर रोज एक खुर्ची जास्तीची ठेवतात. मी बसत नाही.

आज बसलो. पाय दुखत होते, बाकी काही नाही.

३० ऑक्टोबर, सकाळी

सगळ्यांत बुटक्या खुंटाच्या सालीतून तांबडा टिपका बाहेर आला आहे. काडेपेटीतल्या काडीच्या टोकासारखा. मला वाटलं किडा. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून पाहिला आणि कुंपणावरून सौ. ला हाक मारली. ती ओल्या हातांनीच आली. वाकली. मग इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, बाजूला व्हा, ऊन अडवताय.

एवढं सुंदर वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

मग पोस्टमास्तर आत गेले आणि माझी कात्री घेऊन आले. लाल मूठ. तेल दिलेली, पात्याला धार. म्हणाले, वहिनींनी झाड आणून लावलं आणि म्हणाल्या, याची गुडघ्याएवढी छाटणी करायला लागेल, नाहीतर नुसतं वाढेल, फूल धरणार नाही. त्यासाठीच तुमची कात्री नेली. पण दुसऱ्याच्या वडिलांचं झाड हो. रोज कात्री लावायचो आणि वाटायचं, चुकून गेलं तर? सर, तुमच्याइतकं निर्दय होणं मला जमलं नसतं. अगदी बेताने कापलंत. कुठे शिकलात?

मी म्हटलं, वाचन.

सौ. ने माझ्याकडे पाहिलं. मी कात्रीकडे पाहिलं.

२ नोव्हेंबर

कात्री आकारात टांगली. फळी पूर्ण भरली. चहा घेऊन समोर उभा राहिलो. रागवायला काही सापडेना. चहा निवला.

संकल्प: नवा शत्रू शोधणे. क्लबचे अध्यक्ष बरे वाटतात.

१७ नोव्हेंबर

चारही खुंट पानांनी भरले. कळ्या आहेत. सौ. रोज तिकडे असते, पोस्टमास्तर असतात, मीही असतो, कारण अध्यक्षांची खिडकी तिथून दिसते. ती खुरपं मागते, मग झारी, मग पुन्हा खुरपं. मी व्हरांड्यात ये-जा करतो. प्रत्येक वेळी परत आकारात टांगतो. ती म्हणाली, अहो, हे सारखं न्यायचं-आणायचं बंद करा.

मी म्हटलं, सिस्टिम आहे.

ती म्हणाली, बघते.

२१ नोव्हेंबर

क्लबातून आलो तर व्हरांड्याची भिंत मोकळी. फक्त खिळ्यांची भोकं.

फळी पोस्टमास्तरांच्या पडवीत ठोकलेली होती. सगळी हत्यारं आपापल्या रेघेत. सौ. म्हणाली, काम जिथे तिथे हत्यारं. गुलाब आता हलवायचा नाही, त्याने तिथे मूळ धरलंय. म्हणजे हत्यारंही तिकडेच. लागलं काही तर मागून आणायचं. पोस्टमास्तर म्हणाले, हो हो, सर, केव्हाही या. फक्त आकारात परत ठेवा, नाहीतर काय कुठे गेलं कळत नाही.

शत्रूने माझी सिस्टिम पाठ केली आहे.

तरीही हा विजयच म्हणायचा. माझा शस्त्रसाठा सांभाळण्याचा सगळा बोजा आता त्याच्यावर पडला. गंज चढला तर त्याची जबाबदारी.

२९ नोव्हेंबर, सकाळी

पहिलं फूल उमललं. तांबूस, कडेला जरा फिकट. सौ. खिडकीत उभी होती. म्हणाली, अगदी तसंच आहे, बाबांच्या अंगणातलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, तुम्ही शब्द दिला होता ना, घेऊन या ते. बाबांच्या फोटोपुढे ठेवते. पण नीट कात्रीने कापून आणा. हाताने ओरबाडू नका. आणि ती मोठी कात्री घेऊ नका.

पाऊण तास झाला. मी चपला घालून टेबलाशी बसलो आहे. ती दोनदा डोकावून गेली.

तेव्हा, ज्यांची हत्यारं शेजाऱ्यांनी नेली अशा माझ्या तमाम पीडित बंधुभगिनींनो, म्हणजे तूच रे, दुसरं कोण आहे इथे. भाषण पुरे. पेन खाली ठेव. ऊठ, पोस्टमास्तरांच्या फाटकाची कडी वाजव आणि छाटणीची कात्री माग. सांग, एक छोटं काम आहे. दोन मिनिटं.